साडेबारा कोटी पावलं

आयुष्यात मी ज्या माणसाला सगळ्यात जास्त घाबरलो त्याची उंची पाच फूट दोन इंच होती. वजन, हातातली छत्री धरून, पन्नास किलो. आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावर ऐकू येत नसे आणि पहिल्या बाकावर बसायची माझी हिंमत नसे. वसईतल्या ज्या कॉलेजात मी शिकलो, तिथेच पुढे, दुसरीकडे कुणी घेईना म्हणून, तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो. सर तिथे प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख. म्हणजे पाच वर्षं मी त्यांना विद्यार्थी म्हणून घाबरलो आणि नंतरची सहा वर्षं सहकारी म्हणून. यातली दुसरी भीती जास्त वाईट. विद्यार्थ्याला निदान सुट्टी लागते.

सर ओरडत नसत. ते पायांकडे बघत. स्टाफरूममध्ये कुणी आलं की त्यांची नजर आधी बुटांवर, मग गुडघ्यांवर आणि मनात आलंच तर शेवटी चेहऱ्यावर. माझे मोजे बरेचदा दोन वेगळ्या जोड्यांतले असत, त्यामुळे ही तपासणी खास माझ्यासाठीच आहे असं मी धरून चाललो होतो. प्रयोगशाळेत त्यांचा नियम होता की चपला बाहेर काढून यायचं. बेडकाच्या आतड्यांनी बरबटलेल्या फरशीवर अनवाणी कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती.

नोकरीत लागल्यावर एकदा मी चुकून वेळेवर आलो. प्रॅक्टिकल सुरू होतं, दार लोटलेलं होतं आणि सर बाहेर उकिडवे बसून मुलांच्या चपला एकेक करून उचलत होते. चप्पल उलटी करायची, तळाच्या पुढच्या टोकावर अंगठा फिरवायचा, परत जागेवर ठेवायची. सगळ्या जोड्या झाल्यावर त्यांनी स्वतःच्या चपलेवरून तसाच अंगठा फिरवला, आणि ती मात्र ठेवली नाही. हातात धरून बसून राहिले. मी सांगाड्याच्या कपाटामागे उभा होतो. सांगाडा आणि मी, दोघांचीही तोंडं सारखीच उघडी.

घाबरलेला माणूस गप्प बसतो. मी घाबरलो की विनोद करतो, तोही दहा जणांसमोर. दुपारच्या चहाला मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं की सर चपलांवरून भविष्य सांगतात. सगळे हसले. त्या हसण्याने मला पुढे कुठे नेलं ते येतंच आहे.

त्याआधी कायनेसिनबद्दल सांगायला हवं, कारण सरांना त्याच्याशिवाय सांगताच येत नाही.

कायनेसिन हे प्रथिन. पेशीच्या आत सामान वाहून नेणारं. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या पुस्तकात त्याला चार ओळी होत्या. सर त्यावर चार तास घेत. फळ्यावर आधी खाली दोन गोळे, त्यांच्यावर दोन पेडांची वळलेली दोरी असावी तसा लांब दांडा आणि वर पसरलेलं शेपूट. शेपटाला गाठोडं बांधलेलं. खालच्या गोळ्यांना पुस्तकात डोकी म्हटलं होतं. त्यावर सर चिडत. ज्याने नाव ठेवलं त्याने चित्र उलटं धरलं होतं, म्हणत. हे पाय आहेत, डोक्याने चालणारे लोक फक्त विद्यापीठात असतात.

मग ते मुलांना विचारत, खाडीकाठच्या बांधावरून डोक्यावर भाताचा भारा घेऊन जाणारी बाई बघितली आहे का? अर्धा वर्ग नालासोपाऱ्याच्या नव्या बिल्डिंगांतला. त्यांना बांध म्हणजे भूगोलाचा धडा. सर स्वतःच चालून दाखवत. प्रथिनाचा बांध म्हणजे सूक्ष्मनलिका, मण्यांच्या जोड्यांनी बनलेली पोकळ नळी. एक जोडी आठ नॅनोमीटरची, म्हणून पाऊलही आठ नॅनोमीटरचं. दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. पुढच्या पायात एटीपी येऊन बसला की त्या पायाच्या घोट्याशी लोंबणारा एक छोटा पट्टा चटकन पायाला चिकटतो आणि त्या हिसक्याने मागचा पाय पुढे फेकला जातो. तो चाचपडतो, पुढचा मणी शोधतो, धरतो. त्याने धरलं की मगच दुसरा सोडतो. सेकंदाला शंभरेक वेळा हे असं. आणि आत शांतता नसते, सर सांगत. आत वादळ असतं. पाण्याचे कण चारी बाजूंनी थापडा मारत असतात. अशात बांधावर दोन्ही पाय एकदम सुटले तर काय होईल?

मुलं पुस्तकातल्या चार ओळी पुन्हा चाळत.

‘पाण्यात,’ सर म्हणत. मुळात हळू असलेला आवाज या शब्दाला विहिरीत उतरल्यासारखा खाली जाई. मला वाटायचं, काय नट आहे हा माणूस.

शेवटच्या तासाला गणित असे. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा मज्जातंतू ही एकच पेशी. सगळा माल कमरेपाशी तयार होतो, खपतो अंगठ्याला. अंतर एक मीटर, पाऊल आठ नॅनोमीटर. किती पावलं? विद्यार्थी असताना मी हात वर करून बारा लाख म्हणालो होतो.

‘साडेबारा कोटी, गाढवा,’ सर म्हणाले. ‘मंगळवारी निघालेलं गाठोडं पंधरा दिवसांनी पोचतं. आता समज, या हमालांचेच पाय अधू झाले. सगळ्यांचे नाही, काहींचे. कोण उपाशी मरेल आधी? कान? हात?’

मी स्वतःच्या कानाला हात लावून बघितला.

‘ज्याची वाट सगळ्यात लांब तो,’ सर म्हणाले आणि स्वतःच्या चपलेकडे बघत राहिले, तास संपल्याची घंटा होईपर्यंत.

पुढे नोकरीत लागल्यावर त्यांची मर्जी मिळवायला मी विज्ञान प्रदर्शनासाठी कायनेसिनचं चालतं मॉडेल केलं. थर्माकोलचे पाय, बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर, गाठोडं म्हणून बायकोचा लाडवांचा स्टीलचा डबा. घरी ते सुरेख चाललं. प्रमुख पाहुण्यांसमोर बटण दाबलं आणि त्याचे दोन्ही पाय एकदम उचलले गेले. प्रथिनाने उडी मारली. डबा पाहुण्यांच्या मांडीवर, लाडू कार्यक्रमपत्रिकांवर. सगळं सभागृह हसलं. सरांचा चेहरा मात्र चुन्यासारखा पांढरा झाला होता. लाडवांसाठी इतकं? मला कळेना. त्या दिवसापासून मी त्यांना जास्तच टाळायला लागलो, आणि टाळायचं तर माणूस कुठे आहे ते आधी ठाऊक हवं, म्हणून कान लावून बसायला लागलो. व्हरांड्यातून सर येताहेत हे मला दोन वर्ग आधी समजायचं. खर्र, टप. खर्र, टप.

मग स्नेहसंमेलन आलं. शिक्षकांच्या कार्यक्रमात मी नकला करत असे. प्राचार्य झाले, हेडक्लार्क झाले. मागून पोरांनी सरांच्या नावाचा गलका केला. तिथे थांबायला हवं होतं. पण टाळ्या मिळत असताना थांबेल तो मी कसला. विंगेतून छत्री मागवली आणि चाललो. सर व्हरांड्यात फरशीच्या एकाच रांगेवरून चालत, डावा हात भिंतीला लावून, रंग उडाला का बघितल्यासारखा. ते केलं. उजवा गुडघा वाकवायचा नाही. पाय बाहेरून अर्धगोल फिरवून आणायचा, चवडा फरशीला घासायचा. खर्र, टप. सभागृह कोसळलं. मी आणखी एक फेरी मारली.

परत फिरताना पहिल्या रांगेत सर दिसले. ते चिडले नव्हते. माझ्या पायांकडे बघत होते. दार वाजलं म्हणून उघडावं आणि पूर्वीच वारलेला माणूस समोर उभा असावा, तसा चेहरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. मी राजीनामा घरूनच लिहून नेला होता. त्यातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका बायकोने दुरुस्त केल्या होत्या, म्हणजे तिलाही शेवट दिसत होता. सरांनी प्रयोगशाळेचं दार आतून लावलं. माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

‘कर,’ ते म्हणाले.

‘काय, सर?’

‘कालचं. हळू कर.’

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हाताने गप्प केलं आणि जमिनीवर उकिडवे बसले. बसताना टेबलाचा पाय धरावा लागला त्यांना. मी दोन टेबलांमधून चाललो. त्यांचं डोकं माझ्या घोट्यांच्या उंचीवर होतं.

‘उजवा घासतो?’

‘हो.’

‘डावा?’

‘डावा नाही. म्हणजे डावा आत्ता दिवाळीनंतर, थोडासा…’ मी बोलून गेलो आणि मग मी काय बोललो ते मला ऐकू आलं.

‘आणि उजवा कधीपासून?’

‘दोन वर्षं झाली, सर. आधी फक्त जिन्यात व्हायचं.’

आपली चाल आपल्याला दिसत नाही. आवाज येत असणार, पण रोजचा आवाज कानाला लागत नाही. त्यांच्या हातात पुरावा एवढाच होता की चप्पल पुढून झिजते. ती सगळ्यांची झिजते का, हे बघायला ते वर्षानुवर्षं पोरांच्या चपला उलट्या करत होते. आणि इकडे एक मूर्ख त्यांच्या पायांची बारीकसारीक नोंद ठेवत होता, टाळ्यांसाठी.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील कामणच्या अलीकडे, खाडीकाठच्या गावात शेती करत. पंचेचाळिशीत एक दिवस भाऱ्यासकट बांधावरून पाण्यात पडले. पंधरा दिवसांनी पुन्हा. गावाने ठरवलं, खाडीतलं काहीतरी पायांना धरलंय. नारळ झाले, कोंबडी झाली. सर तेव्हा नऊ वर्षांचे. शेवटची काही वर्षं वडील अंगणात हातांवर सरकत. सर आता एकोणपन्नासचे होते. मुंबईतल्या डॉक्टरांनी इतकंच सांगितलं होतं की आनुवंशिक असू शकेल, पायांकडे जाणारे लांब मज्जातंतू आधी निकामी होतात अशा तऱ्हेचं. त्याची कारणं पुष्कळ. काही घराण्यांत दोष थेट कायनेसिनच्या पायांत असतो, हेही नुकतंच बाहेर आलं होतं. आपल्या घराण्यात कुठला, हे इथे कुणी सांगू शकत नव्हतं.

‘आधी मला ते नुसतं आवडत होतं रे,’ सर म्हणाले. ‘त्याचं चालणं आवडत होतं. हे मग कळलं.’

सुचेना तेव्हा मी विनोद करतो, पण त्या दिवशी तोही नाही आला.

त्यांना स्वतःची काळजी नव्हती. मुलीची होती. एकुलती एक, बावीस वर्षांची, वसईत एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला. वडिलांचा असा दोष मुलांत येण्याची शक्यता निम्मी. तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. आजोबांना बाधा झाली होती एवढंच तिला माहीत. तिच्या चपला ते रोज बघत. पण त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता.

‘मला आता सगळ्यांचेच पाय घासताना दिसतात,’ ते म्हणाले. ‘काल बसमधल्या कंडक्टरचा दिसला. मला दुसऱ्याचे डोळे पाहिजेत. तुझ्यासारखा माणूस पाहिजे, ज्याला दुसऱ्याचं व्यंग आधी दिसतं.’

माझी इतकी नेमकी ओळख पुन्हा कुणी करून दिली नाही.

येत्या रविवारी त्याच गावातल्या त्यांच्या घरी जायचं ठरलं. दोन कामं होती. पहिलं म्हणजे त्यांची चाल माझ्या नकलेतून त्यांच्या आईला दाखवायची, कारण वडिलांना चालताना बघितलेलं आता तेवढंच माणूस उरलं होतं. आई हल्ली अंगणाबाहेर फार जात नसे, तिला लांबचं धूसर दिसे आणि सर तिच्यासमोर चालायचंच टाळत. दुसरं काम मुलीचं.

बस कामणच्या अलीकडे सोडली आणि बांधावरून निघालो. भरती लागली होती. एका बाजूला खाजणातलं पाणी, दुसरीकडे शेत, मध्ये दीड वीत माती. सर पुढे, छत्री रोवत. मी मागून त्यांच्या पायांवर नजर ठेवून. दर पावलाला वाटे, आता. उजवा पाय फिरून यायचा, कडेला माती उडायची, टपकन पाण्यात पडायची. तोल जाईल तेव्हा कॉलर धरू की दंड, याचा मी विचार करत होतो, आणि त्या नादात गुडघाभर चिखलात गेलो मीच. धडधाकट पायांचा, नवी पँट घातलेला. सर वळले तेव्हा त्यांच्या ओठांना रंग नव्हता. मी हसून साजरं केलं. ते म्हणाले, हसू नकोस, आणि माझा चिखलाचा पाय वर येईपर्यंत त्यांनी छत्रीचं टोक माझ्या हातात धरून ठेवलं. कोण कुणाला धरून होतं, सांगता येणार नाही.

आई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. सरांनी ओळख करून दिली, कॉलेजातला नकलाकार आहे, तुला गंमत दाखवायला आणलाय. तिने मान हलवली. मला पाणी दिलं, पायांवर घ्यायला तांब्या दिला. पाय धुऊन मी विहिरीपाशी गेलो आणि तिथून पायऱ्यांपर्यंत चालत आलो. गुडघा ताठ, चवडा मातीत.

तिचे हात थांबले. ती दचकली वगैरे नाही. रोजचं बोलावं तशी, सरांना नाही, मला म्हणाली, ‘बांधावरनं नको जाव आज. पानी भरलंय.’

मी उभा राहिलो. तिने मान वर करून माझा चेहरा बघितला. चेहरा परक्याचा होता. मग शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली.

सर पायरीवर बसले. ‘झालं,’ म्हणाले. परीक्षेचा निकाल वाचल्यावर म्हणतात तसं.

आता मुलगी राहिली. ती अकराच्या सुमाराला बांधावरून येताना दिसली, खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी. सरांनी माझा दंड धरला. माझ्याकडे नको बघू, तिच्याकडे बघ, म्हणाले. मी बघितलं. भराभर येत होती, मध्येच एक चिखलाचा खड्डा उडी मारून ओलांडला तिने. उडीबरोबर सरांची बोटं माझ्या दंडात रुतली. ती आली, मला नमस्कार केला, चहा टाकते म्हणून आत गेली.

‘कर,’ सर म्हणाले.

मी विहिरीपासून चालत आलो. तो मीच होतो, माझी फेंगडी चाल. पुन्हा गेलो. पर्स अडकवल्यासारखा खांदा वाकडा केला, काही उपयोग झाला नाही. नक्कल करणाऱ्याला कुठेतरी बोट अडकवायला खाच लागते. इथे हात फिरवावा तर सगळं सपाट. चौथ्या फेरीनंतर मी थांबलो.

‘येत नाही, सर.’

‘येत नाही, की करत नाहीस?’

अकरा वर्षांत मी या माणसाशी किती खोटं बोललो होतो. जर्नल घरी राहिलं, आजी वारली, आजी पुन्हा वारली, तास घेतला, पेपर तपासले. ते सगळं त्या अंगणात माझ्या आजूबाजूला येऊन उभं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगत होतो आणि माझ्यापाशी विश्वासाचं नाणंच नव्हतं.

‘खरंच येत नाही.’

त्यांनी माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं. सापडलं की नाही, कळलं नाही. आणि समजा येत नाही तेच खरं, तरी ते आजचं. तिचं वय बावीस. हे दोघांनाही माहीत होतं.

मुलगी चहा घेऊन बाहेर आली. खिडकीतून तिने माझ्या फेऱ्या बघितल्या असाव्यात. हे काय चाललंय, तिने विचारलं.

‘तुझी नक्कल करायला बघतोय,’ सर म्हणाले. ‘गाढवाला जमत नाही.’

‘माझी काय करायची?’ ती हसली. ‘बाबांची करा की. सोपी आहे. थांबा, दाखवते.’

तिने कपबश्या पायरीवर ठेवल्या, ओढणी कमरेला खोचली आणि आमच्याकडे पाठ करून विहिरीकडे निघाली. उजवा गुडघा ताठ. पाय बाहेरून फिरून आला. चवडा मातीत घासला. माझ्यापेक्षा फार चांगली नक्कल होती. मी ऐकून आणि चोरून शिकलो होतो, ती त्या चालीच्या घरात वाढली होती. पाच पावलं झाली. हसायला तेवढी पुरली असती. ती थांबली नाही. मातीवर मागे एक लांब रेघ उमटत चालली होती.

‘पुरे, बाळा,’ सर म्हणाले. आवाज त्यांचाच, हळू. तिच्यापर्यंत पोचला नाही.

आणखी चार पावलं. डावा पायही जरासा. मी मोठ्याने हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणून मारणार? सरांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते सोडायचं विसरले होते.

विहिरीच्या कट्ट्याला हात लावून ती वळली. ओढणी सोडली, केस मागे घेतले आणि आपल्या चालीने परत यायला निघाली. आम्ही दोघंही चेहऱ्याकडे बघत नव्हतो. टाच, चवडा. टाच, चवडा. ती पायरीपाशी आली, चहा निवला म्हणाली, तरी सरांची बोटं सुटली नव्हती. मी डाव्या हाताने कप उचलला. पुढे तीन दिवस त्या मनगटावर चार निळे डाग होते.